तपकिरी पिल्लाची आई

मी ब्रीता बोलतेय, कोपोव जातीची शिकारी कुत्री. आमच्या जातीचा नियम कडक आहे: अंग काळंभोर, भुवयांवर, छातीवर आणि पायांवर तांबूस खुणा, नाक काळं. रानडुकराचा माग काढता येतो का, हे माणसं त्यानंतर विचारतात.

तात्रा डोंगराखालच्या एका गावात, मातूशआजोबांच्या अंगणात माझा जन्म झाला. एके वर्षी मेंढपाळाचा कुत्रा कुंपण ओलांडून आत आला. तेव्हा झालेली पिल्लं मेंढपाळांनीच हौसेनं नेली. मी ते विसरले. माणसं विसरली नाहीत.

पुढे माझी जोडी वेंदेलीनकाकांच्या ह्रोमशी लावली. ह्रोम म्हणजे प्रदर्शनांतला पदकवाला. पिल्लं झाली, सगळी काळी, एक सोडून. ते नाकापर्यंत तपकिरी होतं.

काकांनी वाकून पाहिलं आणि ते भडकले. "हे माझ्या ह्रोमचं नाही! मातूश, तुझी ब्रीता त्या मेंढपाळाच्या कुत्र्यानं बाटवलीय."

"अरे, त्याला किती वर्षं झाली!"

"रक्तात राहतं ते. पिल्लू बुडव, आणि हिची वीण कायमची बंद कर."

आजोबांनी मान खाली घातली आणि ते बादलीकडे निघाले. मी पिल्लू पोटाखाली ओढलं.

दारात त्यांची नात उभी होती. ओतिलिया, पशुवैद्यकीला शिकणारी.

"बादली खाली ठेवा, आजोबा. काका, तपकिरी रंग काळ्याखाली लपून राहतो. एक वाटा आईकडून, एक बापाकडून, असे दोन जमले तरच तो अंगावर येतो. म्हणजे अर्धा वाटा तुमच्या ह्रोमचा!"

"माझ्या ह्रोममध्ये खोट? पोरी, तू जन्मायच्या आधीपासून कुत्री पाळतोय मी."

"म्हणजे तेव्हापासून चुकताय. तुमची लेंका ह्रोमचीच मुलगी ना? आणि आता तिला लावलीत ह्रोमशीच. तिची पिल्लं होऊ द्यात, मग बोलू."

आजोबांनी बादली पालथी घातली. "तोवर पिल्लू राहील," एवढंच म्हणाले.

बर्फ वितळलं आणि लेंका व्याली. तिच्या कुलूपबंद अंगणात मांजरसुद्धा शिरत नाही. तरी दोन पिल्लं तपकिरी!

काका आमच्याकडे आले. टोपी हातात, आलुबुखाऱ्याच्या दारूची बाटली काखेत.

"कुंपण तपासलंत का, काका?" ओतिलियानं विचारलं.

"गप गं."

"बादली देऊ?" आजोबा म्हणाले.

"बादली कशाला? एखादी टोपली असेल तर दे. फरशी गार आहे, कुडकुडतात बिचारी."

तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. झाडून सगळी पिल्लं अंगावर घेऊन मी गाढ झोपले.

माझं ते तपकिरी पिल्लू आता मोठं झालंय, नाव गाश्तान. तो प्रदर्शनात जात नाही. यंदा मात्र त्यानं रानडुकराच्या मागावर असा भुंकत धाव घेतली, की ह्रोमला मागे टाकून काका त्याच्यामागे पळाले.

आता मी म्हातारी झालेय, उन्हात पडून असते. तुमचे नियम तुम्ही जपा, मला त्याचं काही नाही. फक्त पुन्हा कधी बादली उचलाल, तेव्हा आईकडे बोट दाखवण्याआधी बापाकडेही एकदा बघा.