काठोकाठ भरलेला प्याला

मित्रांनो, माझी तोटी पत्र्याची आहे म्हणून हसू नका. मी मार्गिलान शहरातल्या एका लहानशा रेशीम-कारखान्यातली जुनी, निळी, चिनीमातीची किटली आहे. तोटी फुटली तेव्हा थोरल्या मालकांनी, तुर्सुन उस्तादांनी, मला फेकलं नाही. ही नवी बसवून घेतली.

आमच्याकडे चहा घोटभरच ओततात. घोट संपला की पुन्हा घोट. म्हणजे बस, बोल, घाई नाही. प्याला काठोकाठ भरला तर समजावं, पी आणि ऊठ. कुणी विणकर गाऱ्हाणं घेऊन आला की उस्ताद घोट घोट ओतत राहत. मी रिकामी होई, तसं त्याचं मनही रिकामं होई. मग ज्याच्याविषयी गाऱ्हाणं, त्यालाही बोलावून तसाच घोटभर चहा.

उस्ताद गेले. मुलगा जहाँगीर मालक झाला, त्याचा मेहुणा नोसिर मुकादम. आणि माझ्या तोटीखाली प्याले काठोकाठ भरू लागले. माझा जीव जळे.

एके सकाळी विणकर सनोबर आली. नोसिरने गुंतलेल्या उभ्या धाग्यांचा ताणा तिच्या मागावर चढवला होता. कापड बिघडलं, तर दोष तिला दिला, माग काढून घेतला आणि हातात झाडू दिला. तिचं ऐकायला मालकाशेजारी बसला कोण? नोसिरच.

"घ्या आपा, चहा घ्या," जहाँगीरने प्याला तुडुंब भरला. "काय ते नोसिरभाईंना सांगा. ते बघतील."

"मी बघितलंय," नोसिर हसला. "नजर गेली बाईंची. झाडू तरी दिसतो का, आपा?"

सनोबरने प्याला उचलला. एक थेंब न सांडता सगळा चहा माझ्यात परत ओतला आणि रिकामा प्याला मालकापुढे धरला.

"घोटभर ओत, जहाँगीर. तुझे वडील ओतायचे तसा. आणि ह्याला बाहेर बसव. मेंढीचा कज्जा कुणी लांडग्याकडे देतं का?"

बाहेरचे माग थांबले. जहाँगीरचे कान लाल झाले. त्याने नोसिरला बाहेर पाठवलं, घोटभर ओतला, ऐकलं. मग स्वतः मागापाशी गेला. अजून न विणलेल्या ताण्यातही तोच गुंता होता. तिथे सनोबरचा हात पोचलाच नव्हता.

नोसिरलाही घोटभर चहा मिळाला. तो त्याने उभ्यानेच संपवला आणि गुंतलेला ताणा उतरवायला गेला.

सनोबर मागावर परतली. तरी मित्रांनो, माझा राग निवलेला नाही. आपलं ऐकून घ्यावं म्हणून कष्टाच्या बाईने पुढे आलेला चहा परत ओतावा? मी फुटले तर पत्रा लागतो. माणसाचं मन फुटलं तर काय लावाल? उद्या तुम्हीही कुणाचे मालक व्हाल. दारी कुणी गाऱ्हाणं घेऊन आलं, तर प्याला काठोकाठ भरू नका.