चौथी आणि पाचवी कैची

वर्गणी मागायला सुतारकाकांना घरोघर सोबत न्यायचं, ही कल्पना बाईंची. बाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि आता चर्चच्या मंडळीच्या बांधकाम निधीचं सगळं त्याच बघत होत्या. प्रार्थनाघराच्या भिंतींना ओल आली होती, फरशी ठिकठिकाणी खचली होती आणि एका रविवारी प्रार्थना संपून लोक बाहेर पडत असताना मागच्या बाकावर गिलाव्याचं ताटाएवढं ढेकूळ पडलं होतं. तिथे कोणी बसलेलं नव्हतं, एवढंच नशीब.

"बोलायचं काम माझं," बाई काकांना म्हणाल्या. "तुम्ही नुसते शेजारी उभे राहा. ज्याने छत बांधलं तो माणूस दारात दिसला की लोकांचा हात खिशाकडे जातो."

आणि जातही होता. चौतीस वर्षांपूर्वी प्रार्थनाघराचं छत काकांनी घातलं होतं. सात मोठ्या कैच्या, म्हणजे कौलांचं वजन पेलणाऱ्या लाकडी त्रिकोणी चौकटी, त्यांनी स्वतः कापल्या, जोडल्या आणि वर चढवल्या. काका तेव्हा चौतिशीत होते, आता अडुसष्ट. त्या छतामुळेच त्यांना गावभर कामं मिळाली. लग्न ठरलं की कपाट काकांकडून, घर बांधलं की दारं काकांकडून. आता दुकान त्यांचा मुलगा चालवत होता, पण पाटीवर नाव अजून काकांचंच होतं.

बाई दारात उभ्या राहून सांगायच्या, "हे बघा, छत भक्कम आहे, ते काकांचं काम आहे. आपल्याला फक्त फरशी, भिंती आणि मुलांच्या वर्गासाठी आत वरच्या बाजूला सज्जा करायचाय." लोक काकांकडे बघून मान डोलवायचे. काका चपलेच्या अंगठ्याकडे बघायचे. लोकांना वाटायचं, किती साधा माणूस.

सज्जा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा काकांना वाटलं होतं, खांबांवर उभा करणार असतील. पण दीड महिन्याने पाळकसाहेबांनी त्यांना आपल्या खोलीत बोलावून टेबलावर नकाशा पसरला. पाळकसाहेब तरुण होते, तीनच वर्षांपूर्वी इथे आले होते, आणि मुलांचा वर्ग जिन्याखालच्या अडगळीत भरतो याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

"खाली खांब आले की बाकं कमी होतात," ते म्हणाले. "म्हणून इंजिनिअरने युक्ती काढली. सज्जा वरून लोखंडी सळयांनी टांगायचा. इथे आणि इथे."

त्यांचं बोट चौथ्या आणि पाचव्या कैचीवर होतं.

काकांनी नकाशावर वाकून बघितलं. मग म्हणाले, "लाकूड जुनं आहे, साहेब. नाकापेक्षा मोती जड व्हायचा."

पाळकसाहेब हसले. "काका, तुम्ही स्वतःच्या कामाबद्दल नेहमी कमीच बोलता. इंजिनिअर खालून बघून गेलाय. तो म्हणतो, असं काम हल्ली बघायला मिळत नाही."

"वर चढून बघितलं का त्याने?"

"छताखालच्या फळ्या काढाव्या लागतील म्हणाला. उगाच खर्च. तुम्ही आहात ना सांगायला."

काका घरी आले आणि जेवले नाहीत. सुनेने विचारलं, "बाबा, बरं वाटत नाही का?" ते म्हणाले, पित्त झालंय. पुढचे चार दिवस त्यांना पित्तच होतं.

खरी गोष्ट ही होती. छताच्या कामासाठी मंडळीने तेव्हा सगळे पैसे काकांच्या हातात आगाऊ दिले होते. पाच कैच्यांचं लाकूड त्यांनी उत्तम, मुरलेलं आणलं. उरलेल्या दोन, म्हणजे चौथ्या आणि पाचव्या कैचीसाठी मात्र वखारीत नुकतंच कापलेलं, ओलं लाकूड निम्म्या भावात मिळत होतं. ओलं लाकूड वर चढल्यावर आक्रसतं, वाकतं, सांध्यांत ढिलं होतं, आणि भिंतीत गेलेल्या टोकाला पाणी लागलं तर आतल्या आत कुजतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी त्यांनी ते घेतलं, वरून गडद तेलाचे तीन हात दिले आणि सातही कैच्या एकसारख्या दिसू लागल्या. वाचलेल्या पैशांतून त्यांनी दुकानाच्या जागेची अनामत भरली. दोन वर्षांत त्या कैच्या बदलू, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. बायकोला ठाऊक होतं. ती पहिली काही वर्षं आठवण करून द्यायची, मग तिनेही सोडून दिलं. तिला जाऊन आता नऊ वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून हे फक्त काकांनाच माहीत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी मोठा पेचकस पिशवीत टाकला आणि पाळकसाहेबांकडे गेले.

"शिडी लावा. मला वर जायचंय. तुम्हीही या."

"काका, या वयात?"

"म्हणून तर तुम्ही या म्हणतोय. पडलो तर धराल."

दोघे वर चढले. काकांनी भिंतीलगतच्या दोन फळ्या उचकटल्या. आत कुबट वास होता. चौथ्या कैचीचं टोक जिथे भिंतीत शिरत होतं तिथे लाकूड वरून काळं, तुकतुकीत दिसत होतं. काकांनी पेचकस टेकवला आणि नुसता तळहाताने दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला.

काकांनी पेचकस बाहेर काढला, त्याच्यासोबत ओला भुसा आला.

"पन्हळ गळत होती, त्याचं पाणी झिरपलं असणार," पाळकसाहेब म्हणाले. "तुमचा काय दोष?"

इथे थांबता आलं असतं. काकांनी पुढे कधीतरी बाईंना सांगितलं की त्या क्षणी शिडीवर त्यांना फार मोह झाला होता. साहेबांनी स्वतःहून दार उघडून दिलं होतं, फक्त बाहेर पडायचं होतं.

"पन्हळ सगळीकडेच गळते," ते म्हणाले. "बाकीच्या पाच कैच्यांची टोकं टोचून बघा, पेचकस वाकेल. चौथीला आणि पाचवीला मी ओलं लाकूड घातलं. जाणूनबुजून."

खाली उतरल्यावर पाळकसाहेबांनी प्रार्थनाघराला कुलूप लावलं. "रविवारी दीडशे माणसं बसतात इथे," ते म्हणाले. "लहान मुलं बसतात." त्यांनी आवाज चढवला नाही, पण काकांकडे बघितलंही नाही.

त्या रविवारी प्रार्थना अंगणात झाली. कुलूप का, हे कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी पाळकसाहेब म्हणाले की काकांना काही सांगायचं आहे. काका उभे राहिले. लाकडाचं सांगितलं, मग पैशांचंही सांगितलं, जे त्यांनी पाळकसाहेबांनाही सांगितलं नव्हतं. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील. कोणी ओरडलं नाही. मागे एक बाळ रडत होतं, त्याला आई बाजूला घेऊन गेली. मग बेकरीवाला उठला. सज्ज्यासाठी सगळ्यात मोठी रक्कम त्याने कबूल केली होती, सज्ज्याला त्याच्या वडिलांचं नाव द्यायचं ठरलं होतं.

"माझे वडील त्या चौथ्या कैचीखाली बसायचे," तो म्हणाला. "वीस वर्षं. तुम्ही त्यांना दर रविवारी नमस्कार करत होतात." एवढं बोलून तो घरच्यांना घेऊन निघून गेला.

काकांचा मुलगा पहिल्या रांगेत होता. त्याला यातलं अक्षर माहीत नव्हतं. घरी आल्यावर तो पायातले बूट काढताना म्हणाला, "झाकली मूठ होती, ती भर बाजारात उघडलीत. सज्जा नको म्हणायचं होतं, एवढंच पुरे होतं. लाकूड थकलंय म्हणायचं. काहीही."

"सांगून बघितलं. माझ्या नावलौकिकानेच मला खोटं पाडलं."

"आणि अनामत? ती काढायची काय गरज होती? म्हणजे मी ज्या दुकानात उभा आहे ते..."

"हो," काका म्हणाले.

मुलगा आत गेला. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने काकांसमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि तीही आत गेली.

पुढच्या महिन्यात तीन कामं रद्द झाली. एका घरून तर निम्मी झालेली कपाटं परत पाठवली. कारण काही दिलं नाही, फक्त म्हणाले, बेत बदलला. मुलगा बापाशी कामापुरतं बोलायचा. "मीठ द्या." "डॉक्टरकडे चारला जायचंय." असं.

मंडळीत दोन तट पडले. काही म्हणाले, म्हाताऱ्याने वेळेवर तोंड उघडलं म्हणून माणसं वाचली. काही म्हणाले, चौतीस वर्षं उशिरा उघडलं त्याला वेळेवर म्हणत नाहीत. सज्ज्यासाठी पैसे दिलेल्यांनी ते परत मागितले, आणि पाळकसाहेबांनी ते मुकाट्याने परत केले. त्या दोन कैच्या काढायच्या तर कौलांसकट सगळं छतच उतरवून नवीन करायचं होतं, आणि निधी निम्म्यावर आला होता.

तेव्हा बाई काकांच्या घरी आल्या. बसल्याही नाहीत.

"उद्यापासून पुन्हा फिरायचंय. पहिल्या घरापासून."

"मी कसा येऊ, बाई?"

"कसे म्हणजे? चालत. मी दारोदार तुमच्या नावाने शब्द दिलाय, छत भक्कम आहे म्हणून. तो शब्द तुम्ही खोटा पाडलात. आता या वेळी शेजारी मी उभी राहणार. बोलायचं तुम्ही."

काका गेले. त्यांच्या आयुष्यातले ते सगळ्यात वाईट दिवस होते, असं ते म्हणायचे, बायको गेली त्याहूनही वाईट, कारण तेव्हा निदान लोक जवळ यायचे. प्रत्येक दारात तेच सांगायचं. मी ओलं लाकूड घातलं, पैसे ठेवून घेतले, आता छत उतरवावं लागणार आहे, मदत करा. काही दारं बोलणं पुरं व्हायच्या आत लागली. एका शिंपिणीने सगळं ऐकून घेतलं, आत जाऊन पाकीट आणलं आणि बाईंच्या हातात दिलं, काकांना म्हणाली, "तुम्हाला देत नाहीये, छताला देतेय." एका म्हाताऱ्याला ऐकू येत नव्हतं, त्याला तीनदा मोठ्याने सांगावं लागलं, आणि तिसऱ्या वेळी शेजारचेही गॅलरीत येऊन ऐकू लागले. ऐकून झाल्यावर तो म्हातारा म्हणाला, "म्हणजे चहा नको का?"

रस्त्यात आल्यावर बाईंना हसू आवरेना. काकांना हसू आलं नाही, पण त्या दिवशी ते दोन घरं जास्त फिरले. बेकरीवाल्याच्या दारात ते तीनदा गेले. तिन्ही वेळा नोकराने सांगितलं, मालक घरी नाहीत. आतून मालकांचा आवाज येत होता.

पैसे जमायला सात महिने लागले. छत उतरवायला दुसऱ्या गावचा मिस्त्री आणला. काका रोज समोरच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं आणि हाकललंही नव्हतं. चौथी कैची खाली घेताना तिचं टोक भिंतीतच राहिलं, बाकीची दोरांवर लोंबकळली. मिस्त्रीने सगळ्यांना लांब उभं केलं.

दुसऱ्या दिवशी पाचवी उतरली. मिस्त्रीने तिच्यावर हातोडी वाजवली, टोक तासून बघितलं, वास घेतला.

"हीपण ओलीच घातली होती म्हणता?" त्याने विचारलं. "ही जागच्या जागी वाळलीये. खणखणीत आहे. अजून पन्नास वर्षं सहज चालली असती."

बाई तिथेच होत्या. त्या काकांकडे वळल्या. "मग आता काय म्हणायचं, काका? पाप अर्धं झालं?"

"नाही, बाई," काका म्हणाले. "कोणती टिकेल हे मला तरी कुठे माहीत होतं?"

छत पुरं झालं. सज्जा झाला नाही. मुलांचा वर्ग अजून जिन्याखालीच भरतो, फक्त तिथे आता दिवा आणि नवी फरशी आहे. पाळकसाहेबांना त्याची खंत आहे. बेकरीवाल्याचं घर दुसऱ्या मंडळीत जायला लागलं ते परत आलं नाही. दुकानात कामं हळूहळू येऊ लागली, पूर्वीइतकी नाहीत.

प्रार्थनाघर उघडल्यानंतर काही दिवसांनी, दुपारच्या जेवणाला, मुलगा ताटाकडे बघतच म्हणाला, "मी पाळकसाहेबांशी बोललोय. अनामतीची रक्कम दर महिन्याला थोडी थोडी मंडळीत भरणार आहे."

काकांचा घास हातात राहिला. "ते माझं देणं आहे. माझ्या पेन्शनीतून, म्हणजे, जे काही..."

"तुम्हाला कसली पेन्शन?" मुलगा म्हणाला. "दुकान माझ्या नावावर आहे. तुम्ही काय केलंत ते तुमच्यापाशी. त्यात मी पडत नाही, आणि ते मला अजून गिळवतही नाही. पण शटर रोज मी उघडतो."

सून भाकरी वाढायला आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली. काकांनी अर्धी भाकरी घेतली आणि ते जेवू लागले. मुलाने न विचारता मिठाची वाटी त्यांच्याकडे सरकवली आणि दुकानात जायला उठला.