कुत्र्यामार्फत

जनावरांच्या डॉक्टरनं मुकादमच्या पोटावरचा हात काढला आणि म्हणाला, "गाठ फार वाढलीय. सोमवारी घेऊन या. इंजेक्शन देऊ, त्याला कळणारसुद्धा नाही. तुम्ही दोघं आपसात बोलून ठरवा."

आपसात बोलून! टेबलाच्या एका बाजूला मिस्त्री उभा, दुसऱ्या बाजूला त्याची बायको आणि मधे मुकादम जीभ बाहेर टाकून आडवा पडलेला. दोघांनीही खाली कुत्र्याकडे बघितलं. डॉक्टर बिचारा नवा होता, त्याला काय माहीत!

"मुकादम," बायको म्हणाली, "त्यांना सांग, सोमवार म्हणजे सोमवार. उगाच तुझे हाल नकोत."

"मुकादम, तिला सांग, ठीक आहे," मिस्त्री म्हणाला.

डॉक्टरनं तिघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि हात धुवायला आत निघून गेला.

हे असं दहा-बारा वर्षं चाललं होतं. मिस्त्री बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. बायको घरी शाळेचे गणवेश शिवायची. घरात फोन नव्हता तेव्हाची गोष्ट. एका दुपारी तिच्या भावाचा फोन मिस्त्रीच्या वर्कशॉपमध्ये आला, की आईचं काही खरं नाही, ताईला लगेच पाठवा. मिस्त्रीचे दोन्ही हात कोपरापर्यंत इंजिनात होते. दुरुस्तीची बोट उतारावर ओढून घेतली होती आणि संध्याकाळी उधाणाची भरती येणार होती. ती भरती चुकली की बोट पुढचं उधाण येईपर्यंत वाळूतच बसणार, आणि बोटीचा मालक तर स्टूल टाकून मिस्त्रीच्या डोक्यावर बसलेला. सासूबाईंचं हे असं आधीही दोन-तीनदा झालं होतं. प्रत्येक वेळी बायको धावत गेली होती आणि सासूबाई अंथरुणात उठून बसलेल्या सापडल्या होत्या. इंजिन बसवू आणि मग घरी जाऊन सांगू, तासाभरानं काय बिघडतंय, असं मिस्त्रीला वाटलं. इंजिन बसलं, बोट तरंगली, मालकानं पाठ थोपटली. मिस्त्री घरी पोचला तेव्हा शेवटची बस निघून गेली होती. बायको दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं गेली. आई तिच्यासाठी थांबली नव्हती.

पंधरा दिवसांनी ती परत आली. आदळआपट नाही की रडारड नाही. वर्कशॉपमधल्या उलट्या होडीखाली सापडलेलं एक पिल्लू मिस्त्रीनं त्याच आठवड्यात घरी आणलं होतं. ते तिच्या पायात घोटाळायला लागलं तेव्हा तिनं त्याला उचललं आणि म्हणाली, "यांच्याकडे निरोप देण्यापेक्षा तुझ्याकडे दिलेला बरा. सांग त्यांना, जेवण झाकून ठेवलंय."

राग आहे, उतरेल, असं मिस्त्रीला वाटलं. तो कुत्र्याला म्हणाला, "तिला सांग, जेवतो." इथूनच ही पद्धत रुळली. गॅस संपला, दूधवाला खाडे करतो, छप्पर गळतंय, सगळं कुत्र्यामार्फत. कुत्रा मान वळवून कधी हिच्याकडे, कधी त्याच्याकडे बघायचा आणि दोघांकडून बिस्किटं वसूल करायचा. वर्कशॉपमध्ये तो प्रत्येक कामाशी जाऊन नाक खुपसून यायचा, म्हणून त्याचं नाव मुकादम पडलं. मूलबाळ नव्हतं. माणसं घरी येईनाशी झाली, कारण चहा घेताना यजमान आणि यजमानीण कुत्र्याशी बोलतात हे बघून पाहुण्यानं नक्की कुणाकडे बघावं!

सकाळी मुकादमला मिस्त्री फिरवायचा आणि संध्याकाळी बायको. भानगड रविवारची होती. रविवारी कुत्र्यावरचा हक्क दोघांपैकी कुणीच सोडेना, म्हणून तिघंही निघत. गल्लीतून खाली, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीकडेनं, जिथून गार पाणी झिरपायचं आणि मुकादम ते चाटत उभा राहायचा. मग बंधाऱ्याचे मोठमोठे दगड, आणि त्यापुढे लांबच लांब वाळू, थेट काळ्या खडकांच्या टोकापर्यंत. लोकांना वाटायचं, काय जोडपं आहे! दर रविवारी न चुकता फिरायला.

आणि त्या वाटेवर बायको बोलायची. आठवडाभराचं सगळं जणू तिथंच मोकळं करायची. "पाय दुखत असतील ना रे? बस जरा." मिस्त्री आपला लगेच दगडावर टेकायचा. "एकटा पुढे जाऊ नकोस, आम्हाला मागे टाकून." मिस्त्री चाल कमी करायचा. "केवढा भिजलास! घरी गेल्यावर आधी अंग पूस." मिस्त्री घरी गेल्यावर आधी अंग पुसायचा. हे सगळं ती कुत्र्याशी बोलते हे त्याला दिसत होतं, तो काही वेडा नव्हता. पण जेवणाचे निरोप जर कुत्र्यामार्फत येतात तर हेही येत असेल, असा त्याचा हिशोब होता. माणूस बायकोच्या रागाला घाबरला की कुठून कुठून सावली शोधतो. रविवारच्या त्या चार वाक्यांवर मिस्त्री शनिवारपर्यंत तग धरायचा. वर्कशॉपमध्ये शीळ घालायचा.

गेल्या थंडीत तर कमालच झाली. काळ्या खडकांपाशी बायकोनं मुकादमचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "जा. माफ केलं तुला. राग तरी किती दिवस धरायचा माणसानं?"

मिस्त्री चार हातांवर उभा होता.  इतकी वर्षं त्याला माफी मागायची होती, पण जीभ रेटत नव्हती, आणि आता तर न मागताच मिळाली होती. त्या दिवशी घरी येऊन त्यानं न्हाणीघरात बादलीत नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात पोटभर रडून घेतलं. मग ठरवून टाकलं, की मिटलेली गोष्ट पुन्हा उकरायची नाही. ती आपणहून सरळ बोलायला लागेल तेव्हा लागेल, घाई कशाला करायची.

पण आता मुकादमच चालला होता. डॉक्टरकडून परत येताना मिस्त्रीच्या डोक्यात एकच विचार होता. सोमवारनंतर या घरात बोलायचं कुणाशी आणि कुणामार्फत? रविवारी तिच्याशी एक तरी शब्द सरळ बोलायचा, नाहीतर उरलेला जन्म मुक्यानं काढावा लागेल, हे त्याला अगदी लख्ख दिसत होतं.

रविवारी सकाळी त्यानं इंजिनं वाहायची हातगाडी वर्कशॉपमधून आणली. चाकांना ग्रीस भरलं, वर गोधडी घातली. मुकादमला आता चालवत नव्हतं. बायकोनं त्याला उचलताना मागची बाजू धरली आणि मिस्त्रीनं पुढची. दोघांचे हात एकाच ओझ्याला लागले, असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

बर्फाच्या कारखान्यापाशी गाडी थांबवून बायकोनं ओंजळीत गार पाणी धरलं. मुकादमनं जीभ लावल्यासारखं केलं आणि तोंड फिरवलं. कोरड्या वाळूत चाकं रुतायला लागली म्हणून मिस्त्रीनं गाडी ओल्या वाळूवर घेतली. लाटा त्याच्या पोटऱ्यांना लागत होत्या, विजार गुडघ्यापर्यंत भिजली. वारा बोचरा होता. वाटभर बायको मुकादमशी बोलत होती. ती बघ होडी, तो बघ पक्षी, इथं तू खेकड्याला नाक लावलं होतंस ते आठवतंय का. मिस्त्री ओढत होता आणि मनात वाक्यं जुळवत होता.

काळ्या खडकांपाशी ते थांबले. बायकोनं उकडलेलं अंडं सोलून मुकादमसमोर धरलं. त्यानं ते हुंगलं, खाल्लं नाही. तिनं ते तसंच कागदात गुंडाळलं.

मिस्त्रीनं घसा खाकरला. "मुकादम..." म्हणाला आणि थांबला. कुत्र्याचे डोळे मिटले होते. मरायला टेकलेल्या जनावराला आता कसलं कामाला लावायचं! त्याला स्वतःची लाज वाटली.

"अगं," तो म्हणाला.

बायकोनं वर बघितलं, सरळ त्याच्याकडे.

"उद्यापासून हा नसेल," मिस्त्री घाईघाईनं म्हणाला, "तर मी म्हणतो, आता आपण सरळच बोलूया ना. तसंही सगळं मिटलंच आहे. तू माफ केलंस तेव्हाच मी..."

"मी? कधी?"

"इथंच. गेल्या थंडीत. तू म्हणालीस ना, जा, माफ केलं. राग तरी किती दिवस धरायचा."

ती त्याच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मिस्त्रीला बरं वाटलं असतं.

"अहो," ती म्हणाली. त्या 'अहो'नं मिस्त्रीच्या जिवात जीव आला, आणि तो क्षणभरच टिकला. "अहो, ते मी त्याला म्हटलं होतं. त्यानं गणवेशाच्या कापडाचा अख्खा तागा फाडला होता. दोन दिवस मी त्याला जवळ येऊ दिलं नव्हतं. म्हणून इथं आल्यावर म्हटलं."

"आणि पाय दुखत असतील, बस, असं म्हणायचीस ते?"

"त्याचा मागचा पाय पहिल्यापासून अधू होता. तुम्हाला माहीत नाही का?"

"एकटा पुढे जाऊ नको म्हणायचीस."

"लाटेत शिरायचा तो."

मिस्त्रीनं आणखी दोन-तीन वाक्यं काढून दाखवली. इतकी वर्षं जपलेली, तोंडपाठ झालेली. तिनं एकेक करून ती सगळी कुत्र्याच्या नावावर केली. त्यात दुष्टपणा अजिबात नव्हता. जे ज्याचं ते त्याला देत होती, एवढंच.

"तुम्हाला सांगायचं ते मी 'त्यांना सांग' म्हणून सांगायचे," ती म्हणाली. "जेवण, गॅस, दूध. त्यापलीकडे तुमच्यासाठी काही नव्हतं."

मिस्त्री मटकन ओल्या खडकावर बसला. या वेळी त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं. "मी चुकलो," तो म्हणाला. "दुपारीच घरी यायला हवं होतं. इंजिन गेलं असतं खड्ड्यात. चुकलो गं मी."

"हो, चुकलात," ती म्हणाली. "तेव्हा म्हणाला असतात तर... मी वाट बघितली. पहिली एक-दोन वर्षं रोज बघितली. आज म्हणतील, उद्या म्हणतील. पण तुम्ही मजेत दिसायला लागलात. शीळ घालायला लागलात. मला वाटलं, या माणसाला माझ्या आईचं काहीच वाटलेलं नाही."

मिस्त्रीला सांगायचं होतं, की ती शीळ तुझ्यामुळेच होती, तुझ्याच वाक्यांमुळे. पण हे तोंडातून निघालं असतं तरी तिला काय मिळालं असतं? 

"उद्या डॉक्टरकडून मी परस्पर बहिणीकडे जाणार आहे," बायको म्हणाली. "तिला कळवलंय. मशीन नंतर मागवून घेईन."

"किती दिवसांसाठी?"

ती मुकादमच्या कानामागे बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "याला दोघंही लागायची. एक जण दिसलं नाही की खाणं सोडायचा. म्हणून राहिले होते."

"थोडे दिवस थांब ना," मिस्त्री म्हणाला.

"कशाला?"

मिस्त्री उत्तर शोधायला लागला. घरात तिच्याशी काय बोलता येईल, ते मनातल्या मनात चाचपून बघायला लागला. जेवण सापडलं, गॅस सापडला, दूध सापडलं. आणखी काही सापडेना. भरती चढायला लागली होती आणि खडकांमधल्या खाचा भरत होत्या. पाणी गाडीच्या चाकांना लागलं तेव्हा दोघं उठली.

परतीची वाट अंगावर आली. वारा समोरून होता, भिजलेली विजार पायांना चिकटत होती. बायकोनं खांद्यावरची शाल काढून मुकादमवर पसरली आणि कडा नीट आत खोचल्या. बंधाऱ्याचा चढ लागला तसा मिस्त्रीला दम लागला. गाडी एका दगडाला अडली, त्यानं जोर लावला, चाक वर चढलं. त्याचा श्वास त्यालाच मोठ्यानं ऐकू येत होता.

"दमलास ना रे?" मागून बायकोचा आवाज आला, अगदी मऊ, आतल्या मायेनं भरलेला. "थोडंच राहिलं आता. आलंच घर."

कालपर्यंत असं काही कानावर पडलं की मिस्त्री त्यातला आपला वाटा उचलून घ्यायचा. आज त्यानं मागे वळूनही बघितलं नाही. दोन्ही हातांनी दांडा धरला आणि गाडी ओढत राहिला.