माहेरचा दिवा बघू नये

लुआनज्या गावात एक नियम आहे. लग्न झालेल्या मुलीनं वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी माहेरचा दिवा बघायचा नाही. बघितला तर भावाचं घर बसतं, कणग्यांत कीड पडते, भावजयीच्या पोटचं टिकत नाही. हा नियम कुणी केला म्हणून विचारा, एकाला सांगता येणार नाही. पण तो कुठल्याही लेकीनं केलेला नाही, एवढं मी छातीठोक सांगतो.

शिउछिनचं लग्न मोडून तीन वर्षं होत आली होती. नवऱ्याच्या घरातून ती एक बॅग आणि एक पाडलेला दात घेऊन बाहेर पडली, ती थेट छिंगदाओला, मासळी गोठवण्याच्या कारखान्यात. सरकारी कागदावर ती सुटी झाली. गावाच्या लेखी मात्र लेक म्हणजे अंगणात फेकलेलं पाणी. एकदा फेकलं की फेकलं. नवऱ्यानं हाकललं काय, स्वतः निघाली काय, पाणी भांड्यात परत येत नाही.

पहिल्या वर्षी ती शेवटच्या संध्याकाळी कारखान्याच्या खोलीवरच राहिली. सगळ्या बायका गावी गेल्या होत्या, आठ पलंगांत एकटी तीच. दुसऱ्या वर्षी आईनं तालुक्याला बसस्टँडसमोरच्या लॉजवर तिला उतरवलं आणि धाकट्या भावाच्या, देशुनच्या हाती डब्यातून चियाओझ, कोबी-मांस भरून उकडलेले कानवले, पाठवले. कडाक्याच्या थंडीत मोटारसायकलवरून येईपर्यंत त्यांचा एकच गोळा झाला. वरची पारी कुठली, आतला कोबी कुठला, मांस कुठलं, कळेना. देशुन दारातूनच डबा देऊन पळाला. घरी सगळे जेवायचे थांबले होते ना. शिउछिननं तो गोळा बोटांनी तोडून खाल्ला आणि ठरवलं, पुढच्या वर्षी पातेल्यातून काढलेला गरम खायचा. आईच्या हातचा, आईच्या समोर बसून. बास. तिला इस्टेट नको होती, खोली नको होती. एक वाडगं हवं होतं.

म्हणून यंदा ती लॉजवर उतरलीच नाही. दिवस कलता कलता गावाच्या तोंडाशी बसमधून उतरली आणि चालू लागली. दारादारांवर लाल कागद चिकटवलेले, पोरं फटाके लावत पळत होती. शेजारची हुआ आजी दारात कोळसा भरत होती.

"अगं शिऊ! आज कशी? लेकींचा दिवस नव्या वर्षाचा दुसरा. परवा ये की."

"त्या दिवशी जावयाला घेऊन यायचं असतं, आजी. मी जावई कुठून आणू? तुमचा म्हातारा देता का उधार?"

"ने बाई, ने. फक्त परत आणू नकोस!" आजी हसली, आणि लगेच घाईनं दार ओढून घेतलं. तिच्याही घरात सून होती, नजर लागायला नको.

शिउछिन घराच्या कुंपणभिंतीपाशी थांबली. भिंतीच्या आत पाच खोल्या. लग्नाआधी सहा वर्षं शिवणकामाच्या कारखान्यात पाठीचा कणा मोडून तिनं जे पाठवलं, त्यातून या विटा आल्या होत्या. दिव्याच्या वायरीसुद्धा. तिच्याच वायरीतला दिवा तिनं बघायचा नव्हता.

देशुन बाहेर आला. तिला बघून त्याचा चेहरा उतरला.

"ताई, असं कसं केलंस? लॉजचं बुकिंग केलंय मी."

"तू जाऊन झोप त्यात."

"माझा विश्वास नाही गं असल्या गोष्टींवर. पण युएचिनचे दिवस भरत आलेत. गेल्या वर्षीचं पोटातच गेलं. काही झालं तर लोक म्हणतील..."

"गेल्या वर्षी मी लॉजवर होते, देशुन. तुझा दिवा मी बघितला नव्हता. मग ते लेकरू कुणाच्या नजरेनं गेलं?"

आतल्या दारात त्याची बायको युएचिन पोटावर हात ठेवून उभी होती. तिनं सगळं ऐकलं. तरी ती आत गेली नाही.

आणि तेवढ्यात घरातला उजेड गेला.

पाचही खोल्यांचा, अंगणातल्या लाल कंदिलाचा, सगळा. शेजारपाजारची घरं लखलखत होती आणि मधोमध त्यांचं घर काळं ठिक्कर पडलं.

"वीज गेली!" देशुन ओरडला.

"गेली नाही. मी मेन स्विच ओढलाय." आतून आईचा आवाज आला. "आत ये गं, पोरी."

"आई, वेड लागलं का? वर्षाच्या शेवटच्या रात्री घरात अंधार? पूर्वजांना घर कसं सापडेल?"

"तुझा आजा आंधळाच होता. येईल चाचपडत."

"अगं, पण नियम..."

"नियम काय आहे? लेकीनं दिवा बघायचा नाही. दाखव मला, कुठाय दिवा?"

"चुलीचा उजेड पडतोय की!"

"चूल म्हणजे दिवा नव्हे. चूल बघायची बंदी असती, तर तुम्हाला रांधून कोण घालणार होतं? सर बाजूला."

शिउछिन आत गेली. डोळ्यांना काही दिसेना, पण पायांना उंबरठा आठवत होता. शेकलेल्या विटांचा कट्टा खालून ऊबदार लागला. त्याच जागेवर ती लहानपणी आईच्या पाठीला पाठ लावून झोपायची. आईनं वाडगं हातात दिलं. वाफ तोंडावर आली आणि शिउछिननं घाईनं पहिला चियाओझ तोंडात टाकला, जीभ पोळली, तरी थुंकला नाही.

"हळू! पातेलं पळून जात नाहीये."

अंधारात कुणीतरी तिच्या कोपराला वाटी लावली. "ताई, व्हिनेगर." युएचिनचा आवाज होता. बस, एवढंच.

आईचा हात चाचपडत तिच्या गालावर आला. ओठांवरून फिरला, एका जागी थांबला.

"दात अजून बसवला नाहीस?"

"बसवीन."

"तीन वर्षं बसवीन."

मग दाताखाली काहीतरी टणकन लागलं. नाणं! एकाच चियाओझमध्ये आई ते लपवते, ज्याला मिळेल त्याचं वर्ष चांगलं. लहानपणी ते शिउछिनला मिळालं की देशुन भोकाड पसरायचा आणि तिला ते त्याला देऊन टाकावं लागायचं.

"नाणं कुणाला आलं?" देशुननं विचारलं.

शिउछिननं ते जिभेखाली सरकवलं.

"कुणालाच नाही? आई, घातलंस ना?"

"घातलं होतं. विरघळलं असेल," आई म्हणाली, आणि शिउछिनच्या मांडीवर हलकी थाप पडली. पातेल्यातून कुठला चियाओझ कुणाच्या वाडग्यात टाकायचा, त्याला आईला दिवा लागत नव्हता.

पण अंधार किती वेळ ठेवणार? भिंतीबाहेर माणसं थांबून कुजबुजू लागली. देशुन उठबस करू लागला. शिउछिननं वाडगं खाली ठेवलं. आणखी तासभर बसावंसं वाटत होतं. आणखी जन्मभर.

"सोडतो तुला लॉजवर," देशुन म्हणाला.

"माझे पाय आहेत मला."

आई फाटकापर्यंत आली. खणखणीत आवाजात, शेजाऱ्यांनाही जाईल असं म्हणाली, "जा सरळ. मागे वळून बघू नकोस, ऐकलंस ना?"

शिउछिन चालू लागली. दहा-वीस पावलांवर मागे खटका वाजला आणि रस्त्यावर उजेड सांडला. तिची स्वतःची सावली तिच्या पुढे लांबच लांब पडली. माहेरच्या दिव्यानं तिला एवढंच दिलं होतं, पुढे ढकलणारी सावली.

ती थांबली. जिभेखालचं नाणं तिनं गालात सरकवलं.

आणि वळली.

लाल कंदिलाच्या बरोबर खाली आई उभी होती. डोक्याचा रुमाल काढून, केस सारखे करून, रस्त्याकडे तोंड करून. घरात न जाता. उजेडात आपला चेहरा नीट दिसावा म्हणून मान जराशी वर उचलून.

शिउछिननं बघितलं. पोटभर बघितलं.