नोटेनंतरचे वाक्य

धुळ्याच्या ‘सत्तेचाळीस अंश’ या रॉक बँडने आजवर जे जे काढले, ते ते असोद्याच्या हितेंद्रने पहिल्याच दिवशी विकत घेतले होते. थेट मैफलीच्या ध्वनिमुद्रणाला कात्री लावणे हा श्रोत्यांशी केलेला द्रोह होय, असे तो मित्रांशी तावातावाने भांडत असे. तोच हितेंद्र आज धुळ्यात रुपचंदच्या दुकानात, बँडच्या पहिल्या थेट मैफलीच्या तबकडीवर कात्री चाललेली असावी, अशी मनोमन प्रार्थना करीत उभा होता. शेजारी स्टुलावर त्याचे वडील, तोताराम आबा, बसले होते.

त्या मैफलीला हिवाळ्यात त्यानेच आबांना हौसेने नेले होते. यात्रेतल्या तमाशावाचून दुसरा कार्यक्रम आबांनी कधी पाहिला नव्हता. तिसरे गाणे त्यांना आवडले, आणि आवडल्यावर काय करायचे असते हे त्यांना पक्के ठाऊक होते. गर्दीतून वाट काढीत ते मंचापाशी गेले, शंभराची नोट गायकाच्या हातावर ठेवली आणि नाव सांगितले. गायक भूपेंद्रने गिटार थांबवून ते पुकारले. मैदान हसले, शिट्ट्या वाजल्या. मंचाखालच्या स्वयंसेवकाने दरडावून विचारले, “या बाबांसोबत कोण आहे?”

दोन हात अंतरावर उभा असलेला हितेंद्र म्हणाला, “माहीत नाही. माझ्यासोबत नाहीत.”

श्रोत्यांचा गलबला टिपणारा मायक्रोफोन नेमका त्याच्या डोक्यावर टांगलेला होता, हे त्याने नंतर पाहिले. तबकडी निघणार असे कळताच त्याने भूपेंद्रला फोनवर विनवले होते: तिसऱ्या गाण्यातला तो व्यत्यय काढून टाका, रसभंग होतो. “बघतो, भाऊ,” एवढेच उत्तर आले होते.

आणि आबा आज आले होते ते केवळ आपले नाव ऐकायला.

“तमाशात पुकारलेलं नाव हवेत जाते,” ते रुपचंदला समजावीत होते. “हे राहते.”

“बठ्ठी मैफल शे यामा, आबा,” रुपचंद अख्ख्या तबकडीवरून बोट फिरवीत खुशीत म्हणाला. “ऐका, मंग लई जा.”

“घरी ऐकू ना, आबा,” हितेंद्र घाईने म्हणाला. “बस चुकेल.”

“चुकू दे. दुसरी येते. माह्यं नाव नसलं तं घ्यायची नाही.”

रुपचंदने सुई तिसऱ्या गाण्यावर टेकवली. हितेंद्रला हे गाणे तोंडपाठ होते. आज त्यातला एकही शब्द त्याच्या कानात शिरला नाही. तो फक्त त्या जागेची वाट पाहत होता. कडवे संपले. ढोल चढले. मग गिटार थांबली. कात्री लागली नव्हती.

“असोद्याचे तोताराम आबा यांच्याकडून शंभर रुपये! बँड त्यांचा आभारी आहे!”

दुकानातली दोन गिऱ्हाइके हसली. आबाही हसले, अगदी लहान मुलासारखे. शिट्ट्या विरत चालल्या आणि तबकडीतून दरडावणारा आवाज आला, “या बाबांसोबत—”

हितेंद्रने सुई उचलली.

“काहून उचलली?” आबांनी विचारले.

“नाव झालं ना. पुढे काही नाही.”

“पुढं तू आहे.”

हितेंद्रने सुई तशीच वर धरून ठेवली.

“मी तठीच होतो, भो,” आबा आवाज न चढवता म्हणाले. “बहिरा नाही मी. ठेव सुई.”

“आबा, लोक आहेत इथे.”

“तवा काय कमी होते? ठेव.”

त्याने सुई खाली ठेवली. साऱ्या मैदानाच्या गलबल्याहून स्वच्छ असा त्याचाच आवाज दुकानभर घुमला: “माहीत नाही. माझ्यासोबत नाहीत.” मग ढोल कडाडले आणि गाणे जणू काही घडलेच नव्हते अशा थाटात पुढे निघाले.

गिऱ्हाइके आता हसत नव्हती. रुपचंदने एकदा बापाकडे, एकदा लेकाकडे पाहिले आणि नव्या तबकड्यांच्या चळतीवर हात ठेवला.

“कितल्या बांधू? एक का दोन?”

आबांनी टोपी नीट बसवली. “एकच. एकाच घरी जायची आहे,” ते म्हणाले, आणि हितेंद्रने पुढे केलेल्या हाताकडे न पाहता तबकडी स्वतःच्याच काखेत धरून पायऱ्या उतरले.