हुंकार आणि हेलियम

"हसायचं नाही हो, सूनबाई. कहाणी मधे तुटली, की पुन्हा पहिल्यापासून." सासूबाई जाऊन बारा वर्षं झाली, श्रावणातल्या आदित्यवारी कुमुदिनीला अजून हेच ऐकू येई.

विजयदुर्गच्या खाडीवर कोवळं ऊन उतरलं होतं. पाण्यावर केशर, तटावर केशर, आणि पाटापुढे विड्याच्या पानावर रक्तचंदनाचं रविमंडल.

कहाणीला ऐकणारा हवा. वाक्यागणिक त्याचा हुंकार हवा. तोवर मुखी अन्न नाही. आणि घरात ऐकणारा एकच, तिचे यजमान, विज्ञानाचे निवृत्त मास्तर.

मास्तरांच्या हाती आज निळा फुगा. याच किल्ल्यावरून ग्रहणकाळी सूर्यात हेलियम दिसला, असं गाव सांगतं. आज त्याचा दिन, दहाला तटावर मास्तरांचं व्याख्यान. गेल्या साली श्रोते तीन. त्यांतले दोघे खुर्च्या न्यायला आलेले. म्हणून यंदा गंमत दाखवायची होती. फुग्यातला हेलियम वायू तोंडाने ओढून तालीम चालली होती.

"आटपाट नगर होतं," कुमुदिनी म्हणाली.

"हूं."

रुपेरी मिशांच्या त्या मेघमालेखालून पिसाहून हलका, मुनियेच्या पिलाचा चिवचिवाट आला. कुमुदिनी हसली. कहाणी तुटली.

पुन्हा पहिल्यापासून. वायू कधीच विरला होता, हुंकार घनगंभीर झाला होता. पण आता मिशा पाहूनच हसू येई. पुन्हा तुटली. उन्हाचं केशर सरलं, हळद झाली. पोटात भूक, घड्याळात नऊ.

"अहो, एवढी तडीस न्या. मी येते व्याख्यानाला."

मास्तर चपापले. "तू? मी देवाला वायू म्हणतो म्हणून रुसलेली?"

"म्हणता तरी काय, ते सांगा."

मास्तर हळू आवाजात सांगू लागले. तेजाच्या त्या गाभाऱ्यात चार हायड्रोजन एकजीव होतात, तेव्हा एक हेलियम जन्मतो. त्यात जे तसूभर वजन हरवतं, त्याचंच हे ऊन.

"हेलियम कुणात मिसळत नाही. कशानं पेटत नाही."

"म्हणजे थोरले भाऊजी."

"पण तारा म्हातारा झाला, की गाभ्यात तोही पेटतो."

"मग भाऊजीच."

दोघं पोटभर हसली. हसू संपलं, तेव्हा मन निवळशंख झालं होतं. मिटल्या डोळ्यांनी तिने कहाणी सांगितली, सलग, शेवटापर्यंत.

मास्तर घाईने पुढे गेले. कुमुदिनीने नैवेद्याचा घास घेतला, पदर सारखा केला, दार ओढलं. किल्ल्याच्या जांभ्याच्या ओल्या पायऱ्या, वर सहस्रकिरणांचा धनी. शेजारच्या घरातलं वर्तमान नुकतंच कळावं, तशी तिने त्याच्याकडे ओळखीची नजर टाकली, आणि चढू लागली. सावकाश, एकेक पायरी, उन्हातून उन्हाकडे.