तिसरं मॉडेल

"बाबा, इट्स अ बर्ड! रॉकेट नाहीये," सिया दारातूनच म्हणाली.

जगन्नाथने मान वर केली नाही. रिटायर होईपर्यंत त्याने प्रिंटरमधून शाई गळू नये एवढंच पाहिलं होतं. त्यामुळे इवल्याशा हमिंगबर्ड पक्ष्याला गोड पाणी पाजायचा बाजारातला फीडर उन्हात गळतो हा त्याला स्वतःचा अपमान वाटला. त्याच्या पहिल्या मॉडेलला मुंग्या लागल्या, दुसरं वाऱ्यात गरगरलं. तिसरं बेडरूमच्या खिडकीबाहेर टांगायचं होतं, प्रतिमासाठी.

प्रतिमाने डायलिसिस बंद केलं होतं. "आता बास," असं तिने डॉक्टरांना सांगितलं, नवऱ्याला नाही, आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजली. तिचा डायबिटीस जगन्नाथने प्रोजेक्टसारखा चालवला होता. भात वजन करून वाढला, साखर घरातून हद्दपार केली. मंडळाच्या दिवाळीत चार लोकांसमोर तिच्या ताटातली जिलबी उचलली. किडन्यांनी मात्र त्याचे चार्ट वाचले नसावेत. तिच्याशी बोलायला गेलं की भिंतच उत्तर देई. फक्त एकदा बाहेरच्या झुडपाशी एक हमिंगबर्ड भिरभिरला, तेव्हा तिने कूस वळवली होती.

तिसरं मॉडेल लागलं आणि दोन दिवसांत तो आला. काचेपाशी, हवेत उभा.

"अहो, आला," प्रतिमा म्हणाली.

जगन्नाथ बाथरूममध्ये जाऊन उगाच नळ सोडून आला.

मग रोज सकाळी दोघं बघत बसायची. "किती पितो मेला!" ती म्हणायची. एकदा तर म्हणाली, "तुम्ही त्याचं ताट नाही ओढत?" जगन्नाथ हसला. टोमणा का होईना, त्याच्यासाठी होता.

पुढे पुढे तो पक्षी पिसं फुगवून नुसताच बसू लागला. प्रतिमा म्हणाली, सुस्तावलाय. एका सकाळी ती झोपेत असताना सियाला तो खिडकीखाली मरून पडलेला सापडला. तिने त्याला पेपर टॉवेलवर उचललं, मग फीडरकडे पाहिलं आणि जगन्नाथला बाहेर बोलावलं.

"बाबा, हे ब्राउन का आहे? यात काय घातलंय?"

"गूळ. ऑरगॅनिक. साखर काय पाजायची त्याला? विष नुसतं. गुळात लोह असतं."

सियाने फोनवर शोधलं, वाचलं आणि फोन खाली केला.

"एग्झॅक्टली, बाबा. आयर्न. इट किल्स देम. साधी पांढरी साखर आणि पाणी, दॅट्स इट."

जगन्नाथ बराच वेळ फीडरच्या बुडाकडे बघत राहिला. ते कोरडं ठणठणीत होतं.

"गळत नव्हता पण," तो म्हणाला.

सिया पेपर टॉवेल घेऊन आत गेली. जगन्नाथने फीडर हुकावरून काढला आणि वळणार, तोच काचेतून आत लक्ष गेलं. प्रतिमा जागी झाली होती. उशी उंच करून, खिडकीकडे तोंड करून वाट बघत होती.

तो बाजूला झाला असता, तर तिच्यासमोर नुसती काच उरली असती.

त्याने फीडर पाठीमागे धरला आणि तिथेच उभा राहिला. ऊन चढत गेलं, पाय भरून आले. प्रतिमा त्याच्याकडे बघत होती.